आळण

दिवाळी सरली की दिल्लीच्या भाजीबाजाराचा रंग पालटू लागतो. उन्हाळ्यात दुधी, भेंडी आणि टिंडा यांनी भरलेल्या हातगाड्या नोव्हेंबरात हिरव्यागार होतात. पालक, मेथी, मोहरीचा पाला, मुळ्याचा पाला आणि येथे 'सोया' या नावाने ओळखला जाणारा शेपू यांचे ओलसर ढीग रस्त्याच्या कडेला दिसू लागतात. महाराष्ट्रात पालेभाजी जुडीने घ्यावयाची असते. दिल्लीत ती बहुधा वजनावर मिळते. गृहिणी सहज एक किलो पालक मागते आणि पिशवी भरून जाते. घरी आल्यावर मात्र ही भरलेली पिशवी पातेल्याच्या तळाशी जाऊन बसते. पालकाच्या पानात शंभरातले नव्वद भाग पाणीच असते. उरलेल्या दहा भागांत तंतू, हरितद्रव्य, क्षार, थोडी प्रथिने आणि पुष्कळशी चव सामावलेली असते. हे पाणी आणि हा पाला यांना एकत्र नांदवावयाचे, हाच पालेभाजीच्या कोणत्याही पातळ पदार्थातील खरा प्रश्न आहे. मग त्याला पातळ भाजी म्हणा, साग म्हणा की सूप म्हणा.

यमुनेच्या पूर्वेस मयूर विहार ही वसाहत आहे. तेथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबात हा प्रश्न एका हिवाळ्यात मोठ्या निकडीने उभा राहिला. मराठी माणूस या भागाला अगदी नवखा नव्हे. जवळच्या पटपडगंजला सप्टेंबर 1803 मध्ये शिंद्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि दिल्लीवरील मराठ्यांचा प्रभाव ओसरला. पुढे मराठी माणसे येथे आली ती नोकरीच्या निमित्ताने. पहाडगंज आणि करोलबाग या भागांत त्यांची बिऱ्हाडे थाटली गेली, नूतन मराठी विद्यालयासारख्या शाळा उभ्या राहिल्या, गणेशोत्सव सुरू झाले. मयूर विहारातील या घरातला मुलगा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीस होता. सून दिल्लीतच लहानाची मोठी झालेली. तिचे मराठी शुद्ध होते, पण ते पुस्तकांतून आणि आईवडिलांच्या बोलण्यातून आलेले. शेतशिवाराचे मराठी तिच्या कानावर फारसे पडलेले नव्हते. दहा वर्षांची नात शाळेत हिंदी बोले आणि पालेभाजी पाहिली की नाक मुरडी.

अशा या घरी वाई तालुक्यातील एका खेड्यातून सासूबाई कायमच्या राहावयास आल्या. पती निवर्तले होते, घर एकट्याने चालविणे अवघड झाले होते. वय सत्तरीच्या पुढे. दात बहुतेक गेलेले आणि बसविलेली कवळी हिरड्यांना बोचे, म्हणून ती डबीतच राही. भाकरी चावत नाही, भाजीचे देठ गिळत नाहीत. म्हणून सासूबाई दिवसातून चार वेळा चहा घेत आणि त्यात बिस्कीट बुडवून खात. दोन महिन्यांत त्यांना जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठवर आले होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "गोळ्या नियमाने द्या, पण पोटात अन्नही जायला हवं. चावता येत नसेल तर पातळ करून द्या. पालेभाज्यांचं सूप द्या."

'सूप' हा शब्द ऐकून सासूबाईंना हसू आले. "सुपात धान्य पाखडतात. ते प्यायचं कसं?" त्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी त्यात भाषेची एक गंमत दडलेली आहे. धान्य पाखडण्याचे सूप हा शब्द संस्कृतातील 'शूर्प' या शब्दापासून आला. याच उच्चाराचा 'सूप' हा दुसरा शब्द संस्कृतात आहे आणि त्याचा अर्थ शिजवलेली डाळ किंवा तिचे कालवण असा होतो. त्यावरूनच स्वयंपाक करणाऱ्याला 'सूपकार' म्हटले गेले. 1875 मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी पाककलेवर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नावही 'सूपशास्त्र' असेच आहे. इंग्रजीतून आलेले हॉटेलातील सूप या दोहोंहून निराळे. उच्चार तेवढा सारखा. एकाच उच्चाराचे तीन शब्द, तीन ठिकाणांहून आलेले, आज मराठी माणसाच्या तोंडी सुखाने राहत आहेत.

सुनेने मोठ्या उत्साहाने सूप केले. अर्धा किलो पालक कुकरमध्ये घातला, तीन शिट्ट्या काढल्या, गरम असतानाच मिक्सरच्या भांड्यात ओतला आणि बटण दाबले. आतल्या वाफेने झाकण उडाले. हिरवे शिंतोडे भिंतीवर गेले. हात मात्र थोडक्यात वाचला. उरलेले गाळून, मीठमिरी घालून तिने वाटीत दिले. त्या सूपाचा रंग शेवाळी झाला होता आणि वाटीच्या कडेने पाणी सुटले होते. सासूबाईंनी दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"आई, थोडं तरी घ्या ना," सून म्हणाली.

"आळण नाही लावलंस गं."

"मीठ घातलंय की, आई. अळणी कसं लागेल?"

"अळणी नव्हे पोरी, आळण! पाला एकीकडं, पाणी एकीकडं. याला धरून ठेवणारं काही नको का?"

सुनेला दोन्ही शब्द एकच वाटले होते. वास्तविक त्यांत मोठा भेद आहे. मीठ नसलेले ते अळणी. पालेभाजी मिळून यावी म्हणून तिला लावलेले डाळीचे किंवा अन्य धान्याचे पीठ म्हणजे आळण. आटून दाट होणे या अर्थाचे 'आळणे' हे क्रियापद मराठीत आहे. दूध आळते, रस आळतो. त्याच घरातला हा शब्द. सासूबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. परंतु कोणत्या पाल्याला किती आळण लागते, ते केव्हा लावावे आणि लावल्यावर भाजी किती वेळ उकळावी, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

त्या दिवशी सासूबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती अधिक महत्त्वाची होती. "माझ्यासाठी वेगळं काही करू नका. सगळ्यांच्या ताटात जे असेल ते मला वाढा. वेगळी वाटी आली की माणूस आजारी असल्यासारखं वाटतं." सुनेच्या लक्षात आले की, नावडती चव हे वाटी सारण्याचे एकच कारण नव्हते. जन्मभर साऱ्या घराला वाढणाऱ्या बाईला आपल्यापुरते निराळे शिजविलेले अन्न परकेपणाचे वाटत होते. तेव्हा असे काही करणे भाग होते, जे दात नसलेल्या आजीला पिता येईल, इतरांना भाकरीशी खाता येईल आणि नातीलाही रुचेल.

दुसऱ्या दिवशी सासूसुना बाजारात गेल्या. सासूबाई चाकवत शोधत होत्या. चाकवताची ताकातली पातळ भाजी ही त्यांच्या मते पालेभाज्यांतली राणी. भाजीवाल्याला 'चाकवत' हा शब्द कळेना आणि सुनेला त्याचे हिंदी नाव ठाऊक नव्हते. एवढ्यात सासूबाई एका ढिगापाशी वाकल्या, एक डहाळी उचलली आणि पान उलटे केले. पानाच्या खालच्या अंगाला पीठ भुरभुरावे तशी पांढरी भुकटी होती. "हाच की चाकवत!" भाजीवाला म्हणाला, "माताजी, यह तो बथुआ है." दोघांचेही म्हणणे खरे होते. उत्तर भारतात गव्हाच्या शेतात थंडीत आपोआप उगवणारे हे तण. शेतकरी ते उपटून काढतो आणि बाजारात त्याची भाजी होते. परसदारी मुद्दाम पेरलेला चाकवत आणि गव्हात नको असताना उगवलेला बथुआ ही एकच वनस्पती आहे. पालकही तिच्याच कुळातला.

मग घरी जे सूप झाले, त्याची कृती त्या घरात पुढे कायम झाली. ती येथे क्रमाने सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे.

चार माणसांसाठी पाव किलो पालक आणि पाव किलो चाकवत घ्यावा. पिवळी, किडकी पाने आणि जाड, दोरे निघणारे देठ काढून टाकावेत. कोवळे देठ राहू द्यावेत. भाजी धुताना पातेल्यात पुष्कळ पाणी घेऊन पाला त्यात बुडवावा, हलवावा आणि वर उचलून घ्यावा. पातेले उपडे करून पाणी ओतले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर येते. पाणी तीन वेळा बदलावे. तळाशी बोट फिरविले असता रेती लागली नाही म्हणजे भाजी स्वच्छ झाली असे समजावे.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळावे, चमचाभर मीठ घालावे. आधी चाकवत टाकावा, कारण त्याला शिजावयास सहासात मिनिटे लागतात. पालक शेवटच्या दोन मिनिटांत टाकावा. झाकण ठेवू नये. पाल्याचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो आणि त्या द्रव्याच्या कणात मधोमध मॅग्नेशियम असते. शिजताना पाल्यातून आम्ल सुटते. पातेले झाकलेले असले तर ते वाफेबरोबर बाहेर जाऊ शकत नाही, मॅग्नेशियमची जागा घेते आणि रंग शेवाळी होतो. कुकरमधील पहिल्या सूपाचे हेच झाले होते. काही जण रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालतात. रंग टिकतो, परंतु काही जीवनसत्त्वे नष्ट होतात आणि चवीला साबणासारखी छटा येते. तेव्हा सोडा न घालणेच बरे.

शिजलेला पाला चाळणीत उपसून गार पाण्यात टाकावा, म्हणजे त्याचे शिजणे तेथेच थांबते. उकळलेले पाणी टाकून द्यावे की वापरावे, याचा विचार करावा लागतो. त्यात काही जीवनसत्त्वे उतरलेली असतात, हे खरे. परंतु पालक आणि चाकवत यांतील ऑक्झॅलिक आम्लाचा बराचसा भागही त्यातच उतरतो. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी हे पाणी वापरू नये. ज्यांना डॉक्टरांनी रक्त पातळ होण्याची गोळी दिली आहे त्यांनी तर पालेभाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाचा त्या गोळीवर परिणाम होतो.

पाला पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये घालावा. गरम पदार्थ बंद भांड्यात फिरविला की वाफ एकदम वाढते आणि झाकण उडते. डोळ्याला वा चेहऱ्याला इजा होऊ शकते. वीज नसेल तर रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटावे. सासूबाई गावी रवीनेच घोटीत. यंत्र पाल्याचे तंतू कापते. रवी त्यांना चेचून सैल करते. म्हणून रवीने घोटलेल्या भाजीला थोडा पोत राहतो आणि यंत्राची भाजी लोण्यासारखी गुळगुळीत होते. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी ती मोठ्या भोकांच्या चाळणीतून एकदा गाळून घ्यावी, म्हणजे उरलेसुरले दोरे मागे राहतात.

आता आळण. दोन मोठे चमचे डाळीचे पीठ कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे. ते गार झाले की वाटीभर थंड पाण्यात कालवावे. उकळत्या भाजीत कोरडे पीठ टाकल्यास गुठळ्या होतात, कारण पिठाच्या कणांचा बाहेरचा भाग तत्काळ शिजून चिकट होतो आणि आतले पीठ कोरडेच राहते. थंड पाण्यात कण आधी सुटे होतात. हे कालवण घोटलेल्या पाल्यात ओतून, हवे तितके पाणी घालून, सतत ढवळीत सातआठ मिनिटे उकळावे. पिठातील पिष्टमय कण पाणी शोषून फुगतात आणि पाल्याच्या बारीक कणांना जागच्या जागी धरून ठेवतात. मग कडेने पाणी सुटत नाही. पळीतून धार सोडली की ती सलग पडते. यालाच 'मिळून आली' असे म्हणतात.

शेवटी लहान कढल्यात तेल तापवून मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण आणि एखादी सुकी मिरची यांची फोडणी द्यावी. सासूबाईंच्या वाटीसाठी फोडणी गाळून घातली की झाले. बाकीच्यांच्या भाजीत शिजलेली हरभऱ्याची डाळ आणि भिजवलेले शेंगदाणे घातले की तीच पातळ भाजी भाकरीबरोबर खाता येते. पातेले एकच, आळण एकच. कोणासाठी काही निराळे नाही.

गावाकडे ही भाजी ताकात करीत. नुसते ताक उकळले तर फाटते, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने गोळा होतात आणि पाणी वेगळे पडते. पीठ लावलेले ताक फाटत नाही. पिठाचे फुगलेले कण प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कढी न फाटण्याचे कारणही हेच. प्रयोगशाळेत कधी न गेलेल्या बाईने सुनेला "आधी आळण, मग ताक, आणि आच मंद" एवढ्या सात शब्दांत हे शास्त्र सांगून टाकले. कारण ठाऊक नव्हते. क्रम मात्र अचूक होता. कारण पुस्तकातून समजते, क्रम हाताला कळतो. दोन्ही एकत्र आले म्हणजे ज्ञान पुरे होते.

एके दुपारी गच्चीवर सासूबाई चाकवत निवडीत बसल्या होत्या. दिल्लीच्या जानेवारीत ऊन हीच मोठी चैन. सारी इमारत दुपारी गच्चीवर येते. शेजारच्या बिऱ्हाडातील वृद्ध पंजाबी बाई मोहरीचा पाला घेऊन समोर बसली. तिचे कुटुंब 1947 च्या फाळणीत लायलपूरहून, म्हणजे आजच्या फैसलाबादहून, दिल्लीत आलेले. सासूबाईंना हिंदी येत नव्हते, शेजारणीला मराठी येत नव्हते. दोन महिने दोघींमध्ये केवळ हसण्याचा आणि मान हलविण्याचा व्यवहार होता. त्या दिवशी शेजारणीने पाल्याकडे बोट दाखवून विचारले, "बहनजी, इसमें आलण डालते हो कि नहीं?"

सासूबाईंनी चटकन वर पाहिले. परक्या मुलखात, परक्या तोंडून त्यांना आपल्या चुलीजवळचा शब्द ऐकू आला होता. "घालतो तर! डाळीचं पीठ," त्या मराठीतच उत्तरल्या. "हमारे यहाँ मक्की का आटा," शेजारीण म्हणाली. 'ळ'च्या जागी 'ल' होता, हरभऱ्याच्या जागी मका होता. शब्द आणि काम मात्र तेच. पंजाबात मोहरीचे साग शिजत आले की त्याला मक्याच्या पिठाचे आलण देतात आणि मग ते लाकडी घोटण्याने घोटतात. पश्चिम उत्तर प्रदेशातही 'आलन का साग' करतात. मराठी, हिंदी आणि पंजाबी या एकाच भाषाकुलातील भगिनी असल्याने त्यांच्या स्वयंपाकघरांत असे कितीतरी शब्द सामाईक आहेत. तवा आणि परात यांना तर वेषही पालटावा लागलेला नाही. व्याकरण न जुळलेल्या दोन बायका त्या दिवसापासून एका शब्दाच्या आधाराने बोलू लागल्या. शेजारणीकडून मोहरीचे साग आले, इकडून चाकवताची भाजी गेली. नात दोघींच्या मध्ये बसून दुभाषाचे काम करू लागली आणि हे काम करता करता दोन्हींची चव घेऊ लागली.

सासूबाईंच्या प्रकृतीचे काय झाले, हे सांगितले पाहिजे. पालेभाजीच्या सूपाने पंडुरोग बरा होतो, असा समज पसरविणे योग्य नव्हे. शंभर ग्रॅम पालकात सुमारे 3 मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले शरीरात शोषले जाते ते फार थोडे. रक्तातील लोह फारच उतरले असेल तर गोळ्यांना पर्याय नसतो. परंतु अन्नातील लोह अधिक शोषले जावे यासाठी घरात काही करता येते. क जीवनसत्त्व त्या कामी मदत करते, मात्र ते उष्णतेने नष्ट होते. म्हणून लिंबू उकळत्या भाजीत न पिळता वाटीत वाढल्यावर पिळावे. चहातील द्रव्ये लोहाला अडवितात, म्हणून जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये. दूधदह्यातील कॅल्शियमही थोडा अडथळा आणते. म्हणून त्या घरात ताकातली भाजी रविवारी होई आणि इतर दिवशी लिंबाची. सासूबाईंना चहा सोडणे जड गेले. चारवरून दोनवर यावयास त्यांना महिना लागला. गोळ्या, सूप आणि वेळेवर जेवण यांच्या जोरावर तीन महिन्यांनी त्या जिना न थांबता चढू लागल्या. त्या वेळी सुनेने स्वतःचेही रक्त तपासून घेतले, तेव्हा तिच्यातही लोह कमी निघाले. यात नवल नव्हते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना पंडुरोग आहे. घरातील साऱ्यांना वाढून उरलेले आपण खावयाचे, ही रीत त्यामागील एक कारण आहे. एकाच पातेल्यातून सर्वांनी सारखे घेणे याला म्हणूनच अर्थ आहे.

भाजी कोठून येते, हेही पाहावे लागते. मयूर विहाराच्या पलीकडे यमुनेचे खादर, म्हणजे पुराच्या पाण्याखाली जाणारी सपाट जमीन आहे. तेथे पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकविणारी कुटुंबे राहत आली. परंतु दिल्लीतून वाहताना यमुनेत शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी मिसळते. अशा पाण्यावर वाढलेल्या भाजीत शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू उतरू शकतात आणि पालेभाज्या ते विशेष शोषून घेतात. जानेवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नदी स्वच्छ होईपर्यंत या पूरमैदानात खाद्यपिके घेण्यास मनाई केली. तीन पाण्यांनी धुतल्याने पानावरची माती जाते. पानाच्या आत गेलेला धातू जात नाही. म्हणून सून भाजीवाल्याला आधी विचारी, "भैया, माल कहाँ का है?" उत्तर दर वेळी खरेच मिळेल याची हमी नसते, तरीही विचारणारे गिऱ्हाईक वाढले तर सांगणाराही सावध होतो. ज्या नदीने भाजी पिकविली तीच भाजी खाण्यास धजावू नये, ही स्थिती मात्र गिऱ्हाइकाने किंवा शेतकऱ्याने निर्माण केलेली नाही. मोठ्या शहराने आपले सांडपाणी नीट हाताळले नाही, त्याचे मोल लहान शेतकरी आणि साधी गृहिणी देत आहेत.

होळी जवळ आली की चाकवताला तुरे येतात, देठ लाकडासारखे होतात आणि तो हातगाडीवरून नाहीसा होतो. पालकही जून होऊन पुढे संपतो. मग चौलाई म्हणजे माठ येतो. सासूबाईंनी सुनेला सांगून ठेवले, "पाला बदलला तर बदलू दे. मिळेल तो घे, कोवळा घे, नीट धू." त्याप्रमाणे घरातली भाजी ऋतूबरोबर बदलत गेली. भाजलेल्या डाळीच्या पिठाचा छोटा डबा मात्र बाराही महिने शेगडीजवळच्या फळीवर राहिला. त्याच्या शेजारी नंतर मक्याच्या पिठाचा दुसरा डबा आला. नातीने दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. एकीवर 'आळण' असे लिहिले आहे, दुसरीवर 'आलण'.